वाचकांचे प्रश्न : उबुंटू, ग्राफिक्स कार्ड आणि काळा पडदा

प्रश्न : माझ्या संगणकावर उबुंटू २४.०४ ही लिनक्स कार्यप्रणाली असून त्यात एनव्हिडियाचे जीटीएक्स १६५० कार्ड आहे. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करता यावे म्हणून मी एनव्हिडियाच्या संकेतस्थळावरून '.रन' फाइल उतरवून घेऊन ड्रायव्हर बसवला. काही आठवडे सारे सुरळीत चालले. परंतु गेल्या अपडेटनंतर संगणक सुरू केला, की उबुंटूचे चिन्ह दिसते आणि पडदा काळा होतो. सर्व पुसून उबुंटू नव्याने बसवावे लागेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नव्याने काहीही बसवावे लागणार नाही आणि तुमचे कार्डही बिघडलेले दिसत नाही. या ड्रायव्हरचा (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) एक भाग कर्नलच्या, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, आत मॉड्यूल (जोडभाग) म्हणून चालतो, आणि ते मॉड्यूल ज्या कर्नलसाठी बांधलेले असते त्याच्याशीच जुळते. तुम्ही '.रन' फाइल चालवली तेव्हा ते त्या वेळच्या कर्नलसाठी तयार झाले. पुढे अपडेटने नवा कर्नल आणला, पण त्या फाइलीने बसवलेल्या गोष्टींची नोंद उबुंटूच्या पॅकेज व्यवस्थेत नसल्यामुळे नव्या कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा बांधले गेले नाही. (इन्स्टॉलर 'डीकेएमएस'मध्ये, म्हणजे नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप बांधणाऱ्या व्यवस्थेत, नोंद करायची का, असे विचारतो, तेथे बहुधा 'नाही' निवडले गेले असावे.) कर्नलसोबत येणारा 'नूव्हो' हा मुक्तस्रोत ड्रायव्हरही इन्स्टॉलरने बंद करून ठेवलेला असतो, त्यामुळे कार्ड सांभाळायला कोणीच उरत नाही.

जुना कर्नल अजून तुमच्या संगणकावर असेल, आणि त्याच्यासाठीचे मॉड्यूलही शाबूत असेल. म्हणून संगणक सुरू होताना एस्केप कळ एकदा दाबून (जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून धरून) ग्रबची (कोणता कर्नल सुरू करायचा ते विचारणाऱ्या प्रोग्रामची) यादी आणावी, 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जावे आणि आधीचा कर्नल निवडावा. डेस्कटॉप दिसू लागला, की टर्मिनलमध्ये 'सुडो' लिहून पुढे 'एनव्हिडिया-अनइन्स्टॉल' ही आज्ञा द्यावी. जुना ड्रायव्हर निघाल्यावर संगणक लगेच बंद करू नये; त्याच बैठकीत 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स' ही खिडकी उघडून ज्या आवृत्तीपुढे शिफारस लिहिलेली असेल ती बसवावी. यादीत 'सर्व्हर' असा उल्लेख असलेल्या आवृत्त्याही दिसतील. त्या तुमच्या कामाच्या नाहीत. 'ओपन' असे लिहिलेली आवृत्ती मात्र तुमच्या कार्डाला चालते, कारण एनव्हिडियाने २०२२ मध्ये खुली केलेली कर्नल मॉड्यूल्स ट्युरिंग पिढीपासून पुढच्या कार्डांसाठी आहेत आणि १६५० त्याच पिढीतले आहे.

आता अडखळण्याची खरी जागा. मॉड्यूल तुमच्याच संगणकावर बांधले गेले आणि सिक्युअर बूट (मान्य सही असलेलेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल, तर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितले जाते, आणि पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळ्या पडद्यावर 'एमओके' (मशीन ओनर की, म्हणजे मॉड्यूलवरची सही पडताळणारी तुमची किल्ली) व्यवस्थापनाची सूचना येते. ती केवळ दहा सेकंद थांबते. तेवढ्यात कळ दाबली नाही, तर संगणक नेहमीसारखा पुढे जातो, किल्लीची नोंद राहून जाते, आणि सही मान्य नसलेले मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. अनेकांचा 'ड्रायव्हर बसवला तरी चालत नाही' हा अनुभव येथूनच येतो. त्या पडद्यावर 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यावा. तेथे कळफलक अमेरिकी मांडणीचा असतो, म्हणून पासवर्ड साध्या रोमन अक्षरांचा व अंकांचा ठेवावा. मराठी इनस्क्रिप्ट वापरणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

सर्व झाल्यावर टर्मिनलमध्ये 'एनव्हिडिया-एसएमआय' ही आज्ञा द्यावी. कार्डाचे नाव आणि ड्रायव्हरची आवृत्ती दिसली, तर ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये 'सिस्टिम' विभागात 'कूडा' (कार्डाकडून आकडेमोड करून घेणारी एनव्हिडियाची सोय) निवडून कामाला लागावे. नूव्होवर कूडा चालत नाही, म्हणून तुमच्या कामासाठी हा ड्रायव्हर हवाच. मात्र तो उबुंटूच्या भांडारातूनच, म्हणजे वर सांगितलेल्या खिडकीतूनच, घ्यावा, कारण त्यामुळे कर्नल बदलला की जुळणारे मॉड्यूलही आपोआप येते किंवा बांधले जाते. संकेतस्थळावरच्या ड्रायव्हरच्या आवृत्तीचा आकडा मोठा दिसतो म्हणून तो बसवण्याचा मोह टाळावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. जुन्या कार्डांवर तर मोठा आकडा चालतही नाही: जीटी ७१० सारख्या केप्लर पिढीच्या कार्डांना ड्रायव्हरची ४७० ही शेवटची मालिका आहे.

प्रश्न : नव्या संगणकासाठी एएमडी रेडिऑन कार्ड घेतले आहे. लिनक्ससाठी ड्रायव्हर कोठून उतरवावा?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : कोठूनही नाही. 'एएमडीजीपीयू' हा ड्रायव्हर २०१५ मधील ४.२ आवृत्तीपासून कर्नलमध्येच आहे, आणि चित्रे रेखाटण्याचे उरलेले काम 'मेसा' ही मुक्तस्रोत प्रणाली करते, जी उबुंटूसारख्या बहुतेक डिस्ट्रिब्यूशन्ससोबत येते. कार्ड अगदी नुकतेच बाजारात आलेले असेल, तर कर्नल, मेसा आणि फर्मवेअर (कार्डात भरले जाणारे सॉफ्टवेअर) पुरेसे नवे आहेत एवढे पाहावे.