आधी विष बाहेर, कागद सगळ्यात शेवटी

प्रश्न : काकू, नमस्कार. आमचं गाव राळेगाव तालुक्यात. घर जुनं, कवेलूचं म्हणजे कौलांचं. पुढं स्लॅबची एक खोली नंतर बांधलेली. सासूबाई माघात गेल्या. कुठं काय ठेवलंय ते त्यांनाच ठाऊक होतं. माळ्यावर पितळेचे गुंड, गंज, कोपर आहेत, महालक्ष्म्यांच्या (गौरींच्या) कोठ्या, म्हणजे मुखवटे ज्यावर बसवतात ती धडं, आहेत. बैलजोडी विकली तरी झुली तशाच आहेत. गोधड्यांचा तर ढीग आहे. भाव वाढेल म्हणून कापूस मार्चपर्यंत आतल्या खोलीत भरून ठेवला होता. आता विकला, पण त्या खोलीत गेलं की लेकरांना अजून खाज सुटते. मोबाइलवर एक बाई सांगतात, वर्षभर न वापरलेलं सगळं टाकून द्या. नणंदबाई म्हणतात, आईच्या वस्तूंना हात लावायचा नाही. पाऊस लागायच्या आत घर एकदा नीट करून नव्यानं सुरुवात करावी असं वाटतं. कुठून सुरू करू?
— एक सून, राळेगाव तालुका

उत्तर : बाई, तू पत्रात सगळं लिहिलंस, पण फवारणीचं औषध कुठं ठेवता ते लिहिलं नाहीस. कपाशीवाल्या घरात ते असतंच. म्हणून आधी तेच विचारते.

अंगणवाडीच्या कामात मी घरोघर हिंडले. देवळीत देवाच्या तेलाची बाटली, तिला लागून शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवलेलं पिवळट औषध, बूच हरवलं म्हणून तोंडाला चिंधी कोंबलेली, आणि खाली रांगतं लेकरू. हे मी एका घरात नाही, कित्येक घरांत पाहिलं. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ते वावरात राबताना गेले. तेच विष आपण धान्याच्या कोठीशेजारी ठेवतो आणि त्याला 'औषध' म्हणतो म्हणून त्याची भीती वाटेनाशी होते.

म्हणून पहिल्या दिवशी दुसरं काही करू नकोस. घर, माळा, कोठा (गोठा), सगळीकडून औषधाचे डबे, पुड्या, मापाची झाकणं आणि धान्यात टाकायच्या गोळ्या गोळा कर. हातात मोजे घाल, लेकरांना शेजारी पाठव. त्या गोळ्यांतून ओलाव्यानं विषारी वायू सुटतो. निजायच्या खोलीत धान्य असेल तर त्यात त्या टाकायच्याच नाहीत. जे वापरात आहे ते मूळ डब्यात, चिठ्ठीसकट, घराबाहेर कुलपाच्या लोखंडी पेटीत ठेव आणि किल्ली एकाच माणसाकडे दे. हे फक्त लेकरांसाठी सांगत नाही. माणूस रागात किंवा निराशेत असतो तेव्हा विष हाताशी नसलं तर ती घडी टळते आणि जीव वाचतो. आपल्या भागात हे कुणाला समजावून सांगायला लागू नये.

रिकामे डबे तीनदा विसळायचे आणि ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं. मग डब्याला भोकं पाडून, ठेचून, विहीर-नाला-वस्तीपासून लांब खोल पुरायचं. जाळायचं नाही. न्हाणीत पाण्याला, रॉकेलला, संडासात न्यायला असे डबे वापरतात, ते आजच्या आज बंद. मुदत संपलेलं औषध नाल्यात ओतू नकोस, कृषी सहायकाला विचार.

आता घराबाहेर बघ. पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) आणि तुराट्यांचा ढीग भिंतीला टेकून लावलेला असेल तर तो हलव. त्यात उंदीर येतात, उंदरांमागं साप. मण्यार रात्री हिंडते, आणि ती चावल्याचं निजलेल्या माणसाला बरेचदा कळतही नाही. खाली निजत असाल तर ही आवराआवर तुमच्या जिवाची आहे. ढीग हलवताना हातानं उचलू नकोस, आधी काठीनं हलवून घे. जुन्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात कपाशीवर येते, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर ती घराशी किंवा धुऱ्यावर (बांधावर) रचून ठेवूच नये. गाडगेबाबा आपल्या शेंडगावचे. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे आणि कीर्तन रात्री करायचे. बाहेरून आत येण्याचा तोच क्रम तू धर.

आत आल्यावर सगळ्यात पहिलं काम कवेलूंचं. कवेलू फेरणारा, म्हणजे उतरवून पुन्हा नीट बसवणारा, माणूस मिळाला नसेल तर आतली झाडलोट सुरूच करू नकोस. मे महिन्यात कवेलू फेरताना फाट्यांवरची (छपराच्या लाकडांवरची) वर्षभराची धूळ, उंदरांची घरटी आणि फुटक्या कवेलूंचा चुरा सगळा खाली येतो. त्याआधी भिंती धुतल्या तर मेहनत पाण्यात. कवेलू झाले की मयाली (तुळया) आणि फाटे झाडायचे, मग भिंती, मग खालची जमीन.

मातीच्या भिंतीला ऑइलपेंट लावा असं कुणी सांगेल, ऐकू नकोस. ओल आत कोंडते आणि पावसाळ्यात पोपडे धरतात. चुनाच दे. चुना भिजवताना उकळतो, म्हणून लेकरं लांब ठेव आणि डोळे सांभाळ.

कापसाच्या खोलीचं म्हणशील तर ती कोरड्या फड्यानं झाडू नकोस, धूळ उडून पुन्हा अंगावरच बसेल. तोंडाला ओढणी बांध, दारं-खिडक्या उघड्या टाक, पाणी शिंपडून कोपऱ्यातली रुई आणि सरकी वेच. भिंत ओल्या फडक्यानं पूस. खालची माती असेल तर वरचा थर खरवडून अंगणाबाहेर टाक आणि मग शेणानं सारव. त्या खोलीतली सगळी पांघरुणं गरम पाण्यात घालून कडक उन्हात वाळव. एवढं करूनही खाज राहिली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखव, मनानं मलम लावू नकोस. आणि पुढच्या वर्षी कापूस ठेवायचाच झाला तर लेकरं निजतात त्या खोलीत नाही, हे आताच घरधन्याला सांगून ठेव.

आता वस्तू. मोबाइलवरच्या बाईंचा नियम त्यांच्या फ्लॅटला ठीक असेल. आपल्या घरात महालक्ष्म्यांच्या कोठ्या वर्षातून तीनच दिवस लागतात आणि त्या तीन दिवसांत त्यांच्यावाचून चालत नाही. पेरणीचं सामान पेरणीलाच निघतं. मी दोन हंगाम बघते. दोन खरीप आणि दोन सणवार गेले, तरी एखाद्या वस्तूची आठवण कुणालाच झाली नाही, तर ती खरी अडगळ. अशी अडगळ तुझ्या घरात भरपूर निघेल: फुटके प्लास्टिकचे टोपले, गंजलेले पत्रे, पंपाचे तुटलेले पाइप, एका कानाच्या कढया. हे भंगारात द्यायला नणंदबाईही नाही म्हणणार नाहीत.

पितळ मात्र घाईनं भंगारात देऊ नकोस. भंगारवाला मोडीच्या भावानं घेतो आणि तेच भांडं पुढं कितीतरी जास्तीनं विकलं जातं. पाण्याचे गुंड चिंचेनं घासून वापरात आण. स्वयंपाकाच्या गंजांना कल्हई लावल्याशिवाय त्यात ताक, कढी, आंबट वरण शिजवू नकोस. कल्हईवाला मिळाला तर एकदम सगळी भांडी करून घे. झुली आणि घुंगरमाळा गावात ज्याच्याकडे अजून जोडी आहे त्याला पोळ्याआधी द्या. बैलाच्या अंगावर गेल्या तरच त्यांचं चीज.

नणंदबाईंवर रागावू नकोस. आई जाऊन पुरते सहा महिनेही झाले नाहीत, आणि माहेरच्या माळ्यावर काय होतं हे आठवणारी ती एकटीच उरली आहे. अक्षय तृतीयेला तुमच्याकडे सासूबाईंची पहिली घागर भरली जाईल, त्याला त्यांना बोलावशीलच. त्या दिवशी जेवणं झाली की सासूबाईंची लुगडी त्यांच्यासमोर ठेव आणि आधी त्यांना निवडू दे. तू निवडून त्यांना दिलंस तर ते वाटणीसारखं वाटेल, त्यांनी निवडून तुला सांगितलं तर मायेचं. उरलेल्या लुगड्यांची गोधडी शिवून घ्या, विरलेली असली तर अस्तराला घाला. महालक्ष्म्यांचे मुखवटे कुणाकडे राहायचे हा प्रश्न कुळाचा आहे, त्यात तू एकटीनं काही ठरवू नकोस.

न्हाणी-संडासाचं एकच सांगते. ब्लिचिंग पावडर आणि संडास धुवायचं अॅसिड कधी एकत्र करू नकोस, एकामागून एकही टाकू नकोस. त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि बंद संडासात माणूस गुदमरतो. आज एक वापरलं तर भरपूर पाण्यानं धुऊन काढ, दुसरं दुसऱ्या दिवशी.

प्रश्न : वडिलांचं वय ७८. त्यांच्याकडे कागदांच्या तीन पत्र्याच्या पेट्या आणि बियाण्याच्या रिकाम्या थैल्यांचा गठ्ठा आहे. एक कागद टाकू देत नाहीत. नवीन घरकुलात जायचं आहे, जागा कमी आहे. वडील बाजारला गेले की सगळं जाळून टाकावं असं भावाचं म्हणणं. काय करावं?
— एक वाचक, चिमूर तालुका

उत्तर : भाऊ, जाळू नका. तुमचे वडील जे सांभाळताहेत त्याची किंमत तुमच्या लेकरांना कळेल.

जात पडताळणीला वंशावळीसोबत जुना पुरावा लागतो, आणि तो किती जुना हे ठरलेलं आहे. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातला जन्माचा उतारा, बंदोबस्ताची मिसल (जुन्या जमीन मोजणीची नोंद), अधिकार अभिलेखाची नक्कल असं काही त्या पेटीत निघालं तर पोरीच्या प्रवेशाच्या वेळी तुमच्या चपला झिजायच्या वाचतील. बारावीचा निकाल लागल्यावर तहसील, भूमी अभिलेख आणि जुन्या शाळेत हेलपाटे घालणारे आईबाप मी पाहिले आहेत. ज्या घरात पेटी शिल्लक होती ते घर निवांत असायचं.

म्हणून पेट्या सगळ्यात शेवटी उघडा, आणि वडिलांना सोबत बसवून उघडा. कोणता कागद कुणाचा हे त्यांनाच सांगता येईल, आणि ते असेपर्यंतच विचारता येईल. ते सांगतील तसं कागदाच्या पाठीमागं नाही, वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलनं लिहून सोबत ठेवा. असा दाखला बहुतेक घडी घातलेला असतो. घडीवर शाई उडालेली असते आणि तिथंच कसरीनं भोकं पाडलेली असतात. तो सावकाश उलगडा, पुन्हा घडी घालू नका. लॅमिनेशन करू नका, त्या उष्णतेनं जुना कागद खराब होतो आणि मग तो सोडवताही येत नाही. छायाप्रत काढा, मोबाइलवर फोटो घ्या आणि मूळ कागद मोठ्या पाकिटात सपाट ठेवून पेटी भिंतीपासून आणि जमिनीपासून सुटी ठेवा.

खरेदीखत, वाटणीपत्र, फेरफार, कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला हेही ठेवायचं. दरवर्षी काढलेले सातबाराचे उतारे ढीगभर असतील तर ते कमी करा. चालू सातबारा डिजिटल सहीचा ऑनलाइन मिळतो. विजेची जुनी बिलं, लग्नपत्रिका, दहा वर्षांपूर्वीच्या खताच्या पावत्या जाऊ द्या. या वर्षीच्या बियाण्याची पावती, थैलीवरचं लेबल आणि मूठभर बियाणं मात्र पीक निघेपर्यंत ठेवा. उगवलंच नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करताना तेवढंच हातात असतं.

आणि रिकाम्या थैल्या वडिलांना समजावून टाकाच. बियाण्याला विषारी औषध चोळलेलं असतं, त्या थैलीत डाळ-तांदूळ भरायचे नाहीत.

प्रश्न : सागवानी पलंगात ढेकूण झाले आहेत. शेजारणीनं कपाशीचं औषध पाण्यात टाकून मारायला सांगितलं. मारू का?
— आर्वी तालुका

उत्तर : अजिबात नाही, ताई. ज्यावर आठ तास तोंड टेकून निजायचं त्यावर वावरातलं औषध?

आपल्याकडे मे महिन्याचं ऊन आहे, त्याचा उपयोग करा. पन्नास अंशांच्या आसपास उष्णता आतपर्यंत पोचली की ढेकूण आणि त्यांची अंडी दोन्ही मरतात. पलंगाचे सांधे सोडवून सगळे भाग अंगणात काढा, फटींत उकळतं पाणी सोडा आणि दिवसभर उन्हात ठेवा. गाद्या-उशा काळ्या प्लास्टिकमध्ये बांधून, दगडाच्या फरशीवर किंवा स्लॅबवर, दुपारभर उलटपालट करत तापवा. नुसती गादी उन्हात टाकली तर वरची बाजू तापते आणि ढेकूण खालच्या सावलीत पळतात, म्हणून प्लास्टिक हवंच. खोलीत पलंगामागची भिंत, खिळ्यांची भोकं, फोटोंच्या चौकटी तपासा, भोकं चुन्यानं बुजवा. अंड्यांतून पिल्लं निघायला आठ-दहा दिवस लागतात, तेव्हा दहा दिवसांनी हे सगळं पुन्हा एकदा करायचं, ढेकूण दिसत नसले तरी. ते महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतात, त्यामुळे पलंग नुसता दुसऱ्या खोलीत ठेवून काही होत नाही.

गादी सोडायची आणि झटकायची ती अंगणातच. घरात आणून नाही.