नियमात डोकं कुठे आहे?

चि. वकीलबाई,

सनद आल्याचं सांगायला तू फोन केलास तेव्हा मी कोर्टात पुकाऱ्याची वाट बघत उभी होते, त्यामुळे नीट बोलता आलं नाही. आणि तुझी सवयच आहे, खरा प्रश्न फोन ठेवता ठेवता विचारायचा. "मॅडम, स्कार्फ बांधून उभी राहिले तर चालेल ना?" मी घाईत "बघू" म्हणाले. घरी आल्यावर त्या "बघू"ची लाज वाटली, म्हणून हे पत्र.

चालेल. पण "मॅडमनी सांगितलं" हे उत्तर कोर्टात चालत नाही, म्हणून आता कागद उघडू.

ॲडव्होकेट्स ॲक्ट, 1961 च्या कलम 49(1)(जीजी) खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलांच्या देशपातळीवरच्या संस्थेने, पोशाखाचे नियम केले आहेत. भाग सहा, प्रकरण चार. अर्धं-पाऊण पान आहे, झेरॉक्स काढ आणि फाईलच्या आतल्या बाजूला चिकटव. स्त्री वकिलांसाठी त्यात काळं जाकीट किंवा ब्लाऊज आहे, पांढरी कॉलर आणि बँड (गळ्याशी लावायच्या पांढऱ्या पट्ट्या) आहेत, साडी आहे (पांढरी, काळी किंवा सौम्य रंगाची, छापील नको, नक्षी नको), सलवार-कुर्ता आहे. दुपट्टा घेतला तरी चालेल, नाही घेतला तरी चालेल, घेतला तर पांढरा किंवा काळा. आणि एक शब्द कुणी नीट वाचत नाही : पारंपरिक पोशाख, वर काळा कोट आणि बँड. गाऊन हायकोर्टात आणि सुप्रीम कोर्टात सक्तीचा, आपल्या खालच्या कोर्टांत ऐच्छिक. उन्हाळ्यात खालच्या कोर्टांत कोटाचीही सक्ती नाही, हे आमच्या बाररूमला दरवर्षी मे महिन्यात नव्याने कळतं.

गळ्यापासून घोट्यापर्यंत सगळं लिहिलंय. डोकं कुठेच नाही. टोपी नाही, पगडी नाही, पदर नाही, स्कार्फ नाही. 2017 मध्ये जगदीश सिंग खेहर सरन्यायाधीश होते आणि पगडी बांधून त्या खुर्चीत बसत होते. त्यासाठी कुणाला नियमाचं पुस्तक उघडावं लागलं नाही.

चेहरा मात्र वेगळा. 27 नोव्हेंबर 2024 ला जम्मू-काश्मीरच्या हायकोर्टात एक वकीलबाई चेहरा झाकून उभ्या राहिल्या. न्यायमूर्तींनी चेहरा दाखवायला सांगितला, त्या नाही म्हणाल्या. कोर्टाने त्यांना पक्षकाराच्या वकील म्हणून धरलं नाही आणि रजिस्ट्रार जनरलकडून नियमांचा अहवाल मागवला. 13 डिसेंबरच्या आदेशात आलं की बार कौन्सिलच्या नियमांत चेहरा झाकून हजर राहण्याला जागा नाही. बातम्यांचे मथळे असे होते की निम्म्या लोकांना वाटलं, हायकोर्टाने हिजाबच बंद केला. तुझ्या काकांनी तुला पाठवला तो मेसेज त्याच जातीचा. तो निकाल चेहऱ्याचा आहे, डोक्याचा नाही. तसंच कुणी कर्नाटक हायकोर्टाचा हिजाबचा निकाल तोंडावर फेकला तर सांग, तो शाळा-कॉलेजच्या गणवेशाचा वाद होता, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टातल्या दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालं नाही, प्रकरण योग्य पीठ नेमण्यासाठी सरन्यायाधीशांकडे गेलं. त्यात वकिलांचा पोशाख नव्हताच.

तू चेहरा झाकत नाहीस, पण तुझ्याकडे ज्या बायका येतील त्यांतल्या काही झाकतील. खावटीच्या केसेस तुझ्याकडेच येणार, कारण त्यांना बोलायला बाई हवी असते. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चेहऱ्याला महत्त्व आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 18, नियम 12 बघ, साक्ष देताना साक्षीदार कसा वागला याची नोंद न्यायाधीश करू शकतात. पण त्याच संहितेत कलम 132 पण आहे. रिवाजाप्रमाणे ज्या बाईला चारचौघांत यायला लावू नये, तिला कोर्टात जातीने हजर राहण्यातून सूट. 1908 पासून ते तिथे बसलंय. तिची साक्ष मग कमिशनवर घ्यायची, म्हणजे कोर्टाने नेमलेला माणूस तिच्याकडे जाऊन ती नोंदवतो. आपल्या नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींचं सगळं आयुष्य या पडदानशीन बायकांसाठी कागद करण्यात गेलं, आणि तेही बायकांना वकिलीची दारं बंद होती त्या काळात. ती दारं 1923 च्या कायद्याने उघडली. तुझी एखादी पक्षकार चेहरा उघडायला कचरली तर आधी अर्ज दे : ओळख कोर्टातल्या महिला कर्मचाऱ्यासमोर पटवावी, साक्ष न्यायाधीशांच्या चेंबरमध्ये घ्यावी. मिळेलच असं नाही. अर्ज मात्र रेकॉर्डवर राहतो.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. कोर्टात कोण कुठे बसलंय यावर सगळं फिरतं. बोस्नियात सारायेवोच्या कोर्टात 2012 मध्ये एका साक्षीदाराने डोक्यावरची छोटी टोपी काढायला नकार दिला. त्याला दंड झाला, दंड न भरल्याने तीस दिवस कैद झाली. 2017 मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने सांगितलं, हे चुकलं, साक्षीदार हा साधा नागरिक आहे, सरकारी माणूस नाही. उलट जर्मनीत 2020 मध्ये घटना न्यायालयाने हेसन राज्यातली प्रशिक्षणार्थी वकील मुलींवरची स्कार्फबंदी उचलून धरली, कारण त्या कोर्टात शासनाच्या वतीने बसणार होत्या. मला जर्मनीचा निकाल पटत नाही, पण त्यांनी धरलेला धागा लक्षात ठेव. तू न्यायाधीश नाहीस, सरकारी वकीलही नाहीस. तू पक्षकाराची बाजू मांडायला उभी आहेस.

आता टोपीचं. मी नवीन होते तेव्हा आमच्या तालुका कोर्टाच्या दारात एक पट्टेवाला असायचा. आत येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला तो खालच्या आवाजात दटवायचा, "टोपी काढा." म्हातारे गोंधळून टोपी काढायचे, घडी करून बंडीच्या खिशात ठेवायचे आणि उघड्या टकलावर हात फिरवत उभे राहायचे. त्याच दारातून बायका यायच्या, आणि शपथ घ्यायची वेळ आली की आपोआप हात वर जाऊन पदर डोक्यावर यायचा. तेव्हा पट्टेवाला काही म्हणायचा नाही. म्हातारा देवळात टोपी घालून जातो आणि चपला बाहेर काढतो. साहेब चर्चमध्ये बूट घालून जातो आणि हॅट काढतो. आपल्या कोर्टात साहेबाची रीत कधीतरी येऊन बसली आणि पट्टेवाल्याला ती देशाचा कायदा वाटू लागली. कॅनडात माँट्रियलच्या एका न्यायाधीश बाईंचंही 2015 मध्ये तेच झालं. जप्त झालेली गाडी सोडवायला आलेल्या रानिया एल-अलूल या बाईला त्यांनी सांगितलं, टोपी आणि गॉगल चालत नाहीत तर स्कार्फ का चालावा, काढला नाहीस तर ऐकणार नाही. 2018 मध्ये क्वेबेकच्या अपील कोर्टाने ते खोडलं, पुढे न्यायाधीशांनी माफीही मागितली. स्कार्फ म्हणजे घरी विसरून आलेली हॅट नव्हे, हे समजायला इतकी वर्षं.

आणि गांधी. त्यांच्या पगडीची गोष्ट शाळेत अर्धीच सांगतात. मे 1893 मध्ये डर्बनला उतरल्यावर दोन-तीन दिवसांत दादा अब्दुल्लांनी (ज्यांच्या दाव्याच्या कामासाठी ते गेले होते ते व्यापारी) त्यांना तिथलं कोर्ट दाखवायला नेलं. मॅजिस्ट्रेट त्यांच्याकडे बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, पगडी काढा. गांधी उठून बाहेर गेले, मग वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. गंमत बघ, तिथला रिवाज असा की मुसलमानी पोशाखातल्या माणसाने पगडी ठेवली तरी चालायचं, बाकीच्या हिंदी लोकांनी काढायची. तुझ्या बाबतीत उलटं होईल की काय अशी धास्ती तुला आहे, म्हणून ही आठवण.

राहिलेली अर्धी गोष्ट 1894 ची. नाताळच्या सुप्रीम कोर्टात त्यांना सनद मिळाली, शपथ झाली, आणि सरन्यायाधीशांनी सांगितलं, आता पगडी काढा, वकिलांचा पोशाख कोर्टाच्या नियमाप्रमाणे हवा. त्यांनी काढली. दादा अब्दुल्लांना आणि मंडळींना ते रुचलं नाही. गांधींचं म्हणणं, मोठ्या लढायांसाठी ताकद राखून ठेवायची होती. पहिल्या खेपेला ते नुसते बघायला बसले होते, कुणाचं काम त्यांच्या हातात नव्हतं. दुसऱ्या खेपेला मागे अख्खा समाज उभा होता.

मला हे पुस्तकातून नाही कळलं. वीसेक वर्षांपूर्वी एका कोर्टात मी इरकली नेसून गेले होते, काळीच, पण लाल काठाची. न्यायाधीश वर न बघता म्हणाले, "वकीलबाई, तुम्ही मला दिसत नाही." म्हणजे पोशाख नियमात नाही, ऐकणार नाही. मी पेटले. काठ म्हणजे नक्षी होते का, यावर मी युक्तिवाद केला. आज वाटतं, नियम बघता त्यांचं फार चुकलंही नव्हतं. बारमधले लोक गालात हसत होते, मला वाटलं माझ्या बाजूने. आमचा मनाई हुकमाचा अर्ज होता. त्याला तारीख पडली, सोमवारची. शनिवारी समोरच्याने जेसीबी आणला आणि माझ्या पक्षकाराचा गोठा पाडला. तो माणूस मला एक शब्द बोलला नाही. नुसता सोमवारी कोर्टाच्या पायरीवर बसला होता, म्हशीचं दावं हातात गुंडाळून.

म्हणून तुला हो म्हणते, आणि त्याच दमात सांगते की कुणी हरकत घेतली तर त्या क्षणी अर्जंट काम हातात असेल तर आधी ते काम. "साहेब, माझा अर्ज ऐकावा, पोशाखाबद्दल न्यायालयाचं जे म्हणणं असेल ते कृपया रोजनाम्यात घ्यावं," एवढंच म्हण. रोजनामा म्हणजे खटल्यात दर तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद. तरीही ऐकत नसतील तर मी शेजारीच असेन, माझंही वकीलपत्र त्यात आहे, मी उभी राहते. रोजनाम्यात लिहायची वेळ आली की बऱ्याच हरकती विरघळतात, हा माझा अनुभव. नाही विरघळली तर कागद हातात आहे, तो घेऊन बारच्या अध्यक्षांबरोबर जिल्हा न्यायाधीशांकडे जाऊ, तिथून वर जावं लागलं तर तेही. त्यात मी तुझ्याबरोबर आहे आणि ते भांडण मी मनापासून भांडेन. गोठा पडत असताना नाही.

स्कार्फ बांधावा की नाही हे मी सांगणार नाही. ते तुझं आहे. तुझ्या अम्मीचंही नाही, माझं तर मुळीच नाही. उद्या काढावासा वाटला तर काढ, मला कारण देऊ नकोस.

बाकी बारीकसारीक. काळा किंवा पांढरा, बिनकाठाचा (हसू नकोस). सुती घे, सिंथेटिक घसरतो आणि उलटतपासात हात सारखा डोक्याकडे जातो, समोरचा वकील त्याचा फायदा घेतो. टोकं कॉलरच्या आत खोच, बँड पूर्ण दिसले पाहिजेत. न्यायाधीशांची नजर आधी बँडवर जाते. कानावर फार घट्ट नको, आमच्या कोर्टात पंखे इतके वाजतात की मोकळ्या कानांनाही पुकारा ऐकू येत नाही.

बाररूममध्ये पहिले पंधरा दिवस कुणीतरी काहीतरी बोलेल. एक जण "आता टोपीवाले पण येतील" असं म्हणेल, तो कोण ते मला आत्ताच माहीत आहे. त्याला चहा पाज आणि त्याच्या उलटतपासाच्या नोट्स मागून वाच. माणूस तोंडाचा वाईट आहे, पण जमिनीच्या दाव्यात त्याच्याइतका तयार वकील तालुक्यात नाही.

सोमवारी बोर्डावर आपला नंबर अकरावा आहे. साडेदहाला ये, आधी शिरस्तेदारांशी, म्हणजे कोर्टाच्या हेडक्लार्कशी, ओळख करून देते. पिना जास्तीच्या आण, माझ्याही साडीला लागतात.

तुझी,
मॅडम