लेकीची पंचविशी आणि मेडिक्लेम

प्रश्न : मी रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीत आहे. पत्नी आणि मुलगी माझ्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आहेत, विमा ३ लाखांचा. मुलगी एम.कॉम. झाली, नोकरी शोधतेय. तिला लहानपणापासून दमा आहे. नोव्हेंबरात २५ पूर्ण झाली की नाव निघेल, असं एचआरने सांगितलं. नातेवाईक म्हणतात, नवीन पॉलिसीत दमा लिहूच नका. नोकरी लागेपर्यंत थांबलं तर चालेल का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : थांबू नका. नौपाड्यातल्या माझ्या ऑफिसात असे आईवडील नेहमी येतात, पण बहुतेक जण नाव निघून गेल्यावर येतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण तोवर मुलांची आधीच्या पॉलिसीतली सगळी वर्षं वाया गेलेली असतात.

ग्रुपमधून बाहेर पडणाऱ्या सभासदाला, त्याच्या कुटुंबीयांनाही, त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं. याला मायग्रेशन म्हणतात. विमा कंपनी तपासण्या सांगू शकते, पण आधीच्या सलग वर्षांचं क्रेडिट मिळतं, म्हणजे ती वर्षं नव्या पॉलिसीत मोजली जातात. जुन्या आजारांचा वेटिंग पीरियड, म्हणजे त्यांचे क्लेम मिळेपर्यंत थांबावं लागणारा काळ, एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३ वर्षांचा आहे. लेक त्याहून जास्त काळ ग्रुपमध्ये असेल, तर दम्यासाठी नव्याने थांबावं लागणार नाही. मात्र हे क्रेडिट जुन्या ३ लाखांपुरतंच. ५ लाखांची घेतलीत तर वरच्या २ लाखांना वेटिंग लागेल. तरीही ५ची घ्या, ठाण्या-नवी मुंबईतल्या हॉस्पिटलांची बिलं तुम्हाला ठाऊक आहेत.

दमा लपवू नका, ही माझी कळकळीची विनंती. उद्या श्वास लागून तिला ॲडमिट केलंत, तर डॉक्टर केसपेपरवर 'लहानपणापासून दमा' असं लिहिणारच. क्लेम तिथेच अडकेल, आणि ज्यांनी सल्ला दिला ते नातेवाईक बिल भरायला येणार नाहीत.

एचआरला आजच मेल करा. लेकीचं नाव कधीपासून आहे त्याचा पुरावा मागा आणि निघण्याची नेमकी तारीख विचारा. काही पॉलिसींत नाव वाढदिवसाला निघतं, काहींत पॉलिसीचं वर्ष संपल्यावर. अर्ज त्याच्या दीड-दोन महिने आधी जाऊ द्या.

पुढे नोकरी लागली तरी ही पॉलिसी चालू ठेवा, कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबरच संपतो. वैयक्तिक पॉलिसीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी नाही. तुम्ही करासाठी जुनी पद्धत निवडली असेल, तर लेक कमावती होईपर्यंत या प्रीमियमची करातली वजावटही तुम्हाला मिळेल. फक्त प्रीमियम रोखीने भरू नका.