सरावात ६१८ मारणारी माझी मुलगी स्पर्धेत ६०४ वर का येते? तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं का?

तुमच्या प्रश्नावरून कळलं ते असं: मुलगी पंधरा वर्षांची, तीन वर्षं एअर रायफल मारतेय, क्लबवर ६० शॉटमध्ये ६१५ ते ६१८ गुण सहज येतात आणि स्पर्धा आली की ६०४. कोच म्हणतात, "मनाने कच्ची आहे." आता ध्यानाचा क्लास लावावा, 'माइंड कोच' गाठावा की डॉक्टर, हे तुम्हाला ठरत नाहीये. मी दहा मीटरच्या रेंजवर मुलांना शिकवतो आणि दर मोसमात कुणीतरी पालक हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशोब बघा. १४ गुण, ६० शॉट (एका शॉटला जास्तीत जास्त १०.९). म्हणजे शॉटमागे पाव गुणसुद्धा पुरता जात नाही. एअर रायफलच्या टार्गेटवर ०.१ गुण म्हणजे पाव मिलिमीटर. तेव्हा स्पर्धेत तिचा शॉट सरासरी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त बाहेर पडतो, आणि आपलं पेलेटच मुळात ४.५ मिलिमीटर जाड असतं. एवढ्याशा फरकावरून एखाद्या पोरीच्या मनाची परीक्षा करायला मी तरी धजणार नाही.

शिवाय सरासरी फसवते. चौदाचे चौदा गुण सगळ्या शॉटमध्ये सारखे वाटून गेलेत असं मी क्वचितच पाहिलंय. म्हणून कोचकडून मागच्या तीन-चार स्पर्धांचे सिरीजवार (दहा-दहा शॉटचे) स्कोअर मागून घ्या, शक्य असेल तर शॉटवारसुद्धा. समजा ते ९७.२, ९८.६, १०२.१, १०२.०, १०२.३, १०१.८ असे निघाले. बेरीज ६०४च, पण ही मुलगी मनाने कच्ची नाही. तिला लेनवर स्थिरावायला वीस शॉट लागतात, इतकंच. दुसऱ्या एखादीचं सगळं छान चाललेलं असतं, मग एक ८.९ पडतो आणि त्यापाठोपाठ पाच-सहा शॉट घसरतात. तिसरी शेवटच्या सिरीजमध्ये मनातल्या मनात बेरीज करायला लागते. तिघींचा स्कोअर एक, दुखणी तीन, आणि इलाजही तीन. 'मानसिक' म्हणून सगळं एका पोत्यात भरलं की यातलं काहीच दिसत नाही.

पहिल्या प्रकारात तर मनाचा संबंध असेलच असंही नाही. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून पहाटे उतरायचं, जॅकेट-पँटच्या तपासणीच्या रांगेत तासभर उभं राहायचं, पोटात दोन बिस्किटं, हॉलचा उजेड वेगळा, पायाखालची फरशी वेगळी. त्यानंतर तयारी आणि सायटिंगला (नेम जुळवायच्या, न मोजल्या जाणाऱ्या शॉटना) १५ मिनिटं. त्यातली दहा स्टँड लावण्यात आणि ब्लाइंडर (दुसऱ्या डोळ्यापुढची पट्टी) शोधण्यात गेली, तर मोठमोठ्यांची पहिली सिरीज गडबडते. एक दिवस आधी पोहोचणं हा उपाय कुठल्याही ध्यानाच्या क्लासपेक्षा स्वस्त पडतो.

हे सगळं वगळूनही धडधड उरतेच. ती उरणार. पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ मिळवणारा स्वप्नील कुसाळे आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. पात्रता फेरीत तो सातवा होता. पदकानंतर त्याने पत्रकारांना जे सांगितलं त्याचा मतलब असा की पोटात कालवाकालव होती, काही खाल्लं नव्हतं, काळा चहा पिऊन आलो, छाती जोरात धडधडत होती. श्वास आवरला आणि वेगळं काही करायला गेलो नाही. (उपाशी राहण्याचा भाग तेवढा उचलू नका.) माझ्या मुलांना मी यातलं शेवटचं वाक्य ऐकवतो. धडधड थांबल्यावर त्याने शॉट मारले असं तो म्हणत नाही. धडधडत असतानाच रोजचं तेच केलं, असं म्हणतो.

ही धडधड औषधाने थांबवायचा मोह किती जुना आहे पाहा. बीजिंग २००८ मध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूने पिस्तुलात एक रौप्य आणि एक ब्राँझ मिळवलं. तपासणीत प्रोप्रॅनोलॉल सापडलं आणि दोन्ही पदकं गेली. हे औषध बीटा ब्लॉकर गटातलं. हृदयाचे ठोके मंदावतात, हाताची थरथर कमी होते, म्हणून नेमबाजीत ते स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंद आहे. हे मुद्दाम लिहितोय, कारण परीक्षेच्या भीतीवर म्हणून हीच गोळी काही मुलांना घरी मिळते. स्पर्धेच्या सकाळी कुणी काका-मामाने प्रेमाने दिली तरी ती डोपिंगच.

आता मूळ मुद्दा. तुमच्या मुलीच्या हाताला जे तीन वर्षांत आपोआप यायला लागलंय, ते ती स्पर्धेत पुन्हा हाताने करायला जाते. ट्रिगरवरचं बोट, गाल, खांदा, श्वास, सगळ्यावर एकेक करून पहारा बसवते. मानसशास्त्रज्ञ सियान बीलॉक आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये यावर प्रयोग केले होते. मुरलेल्या गोल्फ खेळाडूंना पटिंग करताना (चेंडू हळूच भोकात ढकलताना) स्वतःच्या फटक्याकडेच लक्ष द्यायला सांगितलं, तर त्यांचा खेळ बिघडला.  फुटबॉलपटूंना ड्रिबल करताना चेंडूला पायाची कुठली बाजू लागतेय हे सांगत राहायला लावलं, तर अनुभवी लोक त्यांच्या चांगल्या पायाने अडखळायला लागले. नवशिक्यांना मात्र त्याचा त्रास झाला नाही. म्हणून लेनच्या मागून "नीट लक्ष दे, चूक करू नको" असं जे आपण सगळे म्हणतो, ते पहिल्या वर्षाच्या मुलाला चालेल. ६१८ मारणारीला त्याने उलट त्रास होतो.

रेंजवर हे ओळखायची एक सोपी खूण आहे, होल्ड (शॉटआधी रायफल टार्गेटवर धरून ठेवणं) लांबतो. सरावात रायफल स्थिरावली की सहा-आठ सेकंदांत शॉट सुटणारी मुलगी स्पर्धेत बारा-पंधरा सेकंद धरून बसते, कारण तिला खात्रीचा १०.५ हवा असतो. तोवर डोळा थकतो, श्वास संपतो, पाठ ताणते आणि घाईने ९.४ सुटतो. पुढच्या स्पर्धेत स्कोअरच्या स्क्रीनकडे बघू नका. फोनवर स्टॉपवॉच लावून लांबून तिचे होल्ड मोजा. तुम्हाला यातलं काही कळत नसलं तरी हा फरक दिसेल.

यावरचा माझा उपाय काही नवा नाही, सगळे चांगले कोच तोच करतात: शॉटचा ठरलेला क्रम, आणि तो तिने स्वतःच्या शब्दांत लिहिलेला. पाय, डोळे मिटून एनपीए (अंग ढिलं सोडल्यावर रायफल आपोआप जिकडे रोखली जाते ती दिशा) तपासणं, गाल, श्वास, रायफल टार्गेटवर खाली येणं, ट्रिगर, फॉलो थ्रू (शॉटनंतरही क्षणभर तसंच राहणं). सात-आठ पायऱ्या, त्याहून जास्त नकोत. ट्रिगरच्या पायरीला एखादा शब्द असावा, 'सोड' किंवा 'हळू' किंवा तिला जो सुचेल तो, म्हणजे त्या वेळी डोक्यात तेवढाच असतो. आणि क्रमात एक पायरी अशी हवीच: इतक्या सेकंदांत शॉट सुटला नाही तर रायफल खाली. ६० शॉटना ७५ मिनिटं मिळतात, म्हणजे शॉटमागे ७५ सेकंद. दोन शॉटमागे एकदा रायफल खाली घेतली तरी वेळ पुरतो. पण मुलं घेत नाहीत, त्यांना तो कमीपणा वाटतो. मी सरावात मुद्दाम सांगतो की आज दहा चांगले होल्ड रद्द करून दाखवा. पहिल्या दिवशी निम्म्या मुलांना जमत नाही, ट्रिगर ओढलाच जातो.

वाईट शॉट पडल्यावर काय, हे मात्र निराळं शिकवावं लागतं. इथे मला मॅट एमन्सबद्दल बोलायचंय. अमेरिकेचा हा नेमबाज अथेन्स २००४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनच्या फायनलला शेवटच्या शॉटआधी ३ गुणांनी पुढे होता. साधा आठ मारला असता तरी सुवर्ण होतं. त्याने शॉट मारला आणि त्याच्या टार्गेटवर काहीच उमटलं नाही. तो दोन नंबरच्या लेनवर होता आणि त्याने तीन नंबरच्या टार्गेटवर मारलं होतं. शॉटला शून्य, थेट आठवा. नेहमी तो आधी टार्गेटवरचा नंबर बघून मग खाली यायचा. त्या शॉटला सगळं लक्ष स्वतःला शांत करण्यात होतं आणि नंबर बघायचा राहिला. चार वर्षांनी बीजिंगला हाच प्रकार, हाच शेवटचा शॉट, या वेळी ३.३ गुणांची आघाडी. रायफल टार्गेटवर उतरत असतानाच बोट ट्रिगरला लागलं, ४.४ पडला आणि तो चौथा आला.

आता याला मनाने कच्चा म्हणायचं का? त्याच अथेन्समध्ये त्याने ५० मीटर प्रोनचं (झोपून मारायच्या प्रकाराचं) सुवर्ण जिंकलं होतं, बीजिंगला प्रोनचं रौप्य. आणि २०१२ मध्ये लंडनला त्याच थ्री पोझिशनमध्ये तो पुन्हा फायनलला उभा राहिला आणि ब्राँझ घेऊन गेला. अथेन्सची चूक क्रमातली एक पायरी गळल्याची आहे, आणि ती गळली शांत होण्याच्या खटपटीत! म्हणून केवळ 'शांत राहा' या सल्ल्यावर माझा फारसा विश्वास नाही. नंबर बघ, गाल टेकव, हे करता येतं. 'शांत हो' हे करायचं कसं, ते कुणी सांगत नाही.

तुमच्या मुलीसाठी वाईट शॉटनंतरचा क्रम असा ठरवा: रायफल स्टँडवर, पाण्याचा एक घोट, एक लांब उच्छ्वास, पाय पुन्हा लावायचे, मग क्रम पहिल्यापासून. सरावातही, प्रत्येक ९.५ खालच्या शॉटनंतर. स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा करून पाहिलं तर उपयोग शून्य.

सरावाची गोष्ट निघालीच आहे तर, आपल्याकडे सरावात दडपण जवळपास नसतंच. रिकामी रेंज, ओळखीची लेन, वाईट सिरीज पुसून नवी सुरू. मग तिथले ६१८ खरे की स्पर्धेतले ६०४ खरे, असाही प्रश्न विचारता येईल. नेदरलँड्सच्या राउल आउडेयान्सने पोलिसांवर केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने पुठ्ठ्याच्या टार्गेटवर सराव केला, दुसऱ्याने उलट रंगीत साबणाच्या गोळ्या झाडणाऱ्या माणसांसमोर. आधी दोन्ही गटांचा नेम दडपणाखाली घसरत होता. सरावानंतर पुठ्ठेवाल्यांचा घसरतच राहिला, दुसऱ्यांचा टिकला.

आमच्याकडे आम्ही शनिवारी आठ मुलांची खोटी फायनल घेतो. स्पीकरवर गाणी, मागे बसलेल्यांना टाळ्या वाजवायची मुभा, प्रत्येक शॉटनंतर नाव आणि गुण मोठ्याने पुकारायचे, आणि शेवटून पहिला आलेला सगळ्यांना वडापाव देतो. वडापावचं दडपण कसलं, असं वाटेल. पण पंधरा वर्षांच्या मुलांत मित्रांसमोर शेवटचं येण्याचं दडपण राज्य स्पर्धेपेक्षा फार कमी नसतं. कोचना विचारून बघा, बहुतेक क्लबांत हे सहज जमतं. आठवड्यातून एकदा पूर्ण ६० शॉट, १५ मिनिटांच्या सायटिंगसकट, मधे न थांबता आणि स्कोअर फळ्यावर लिहायचा, एवढं केलं तरी पुष्कळ.

कल्पनेत स्पर्धा खेळून बघण्याचा आजकाल फार बोलबाला आहे. ज्यांना जमतं त्यांना उपयोग होतो, पण या वयात मुलं डोळे मिटून पदक समारंभच बघतात. आधी क्रम पक्का होऊ द्या.

आता तुमच्याबद्दल, रागावू नका. स्पर्धा सुरू असताना लेनच्या बरोबर मागे उभे राहू नका. ती मान वळवून तुमचा चेहरा बघते, सगळी बघतात. बाहेर आल्यावर "किती झाले?" विचारू नका, स्क्रीनवर दिसलेलेच असतात. आधी जेवायला घाला. परतीच्या गाडीत तिने विषय काढला तर बोला, नाही काढला तर झोपू द्या. डायरी तिची असेल तर ती तुम्ही वाचू नये.

तज्ज्ञाकडे कधी न्यायचं? स्पर्धेच्या आदल्या रात्री झोप न येणं साधं आहे. आठवडाभर झोप नाही, दर वेळी उलट्या, जेवण तुटलंय, रेंजवर जायच्या नावानेच रडू येतंय, अभ्यास-मैत्रिणी सगळंच सुटत चाललंय, असं काही असेल तर उशीर न करता प्रशिक्षित क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या आणि स्कोअरचा विषय त्या काळापुरता बाजूला ठेवा. दोन दिवसांच्या शिबिरात 'विजेत्याची मानसिकता' विकणाऱ्यांकडे नको. तुमच्या लिहिण्यावरून तिची अवस्था अशी वाटत नाही. मला वाटतं, वीस शॉट उशिरा सुरू होणारी मुलगी असावी, पण सिरीज पाहिल्याशिवाय नक्की म्हणणार नाही. आकडे मिळाले की इथेच खाली टाका, नाव-गाव न लिहिता, आणि प्रवास आदल्या रात्रीचा होता की सकाळचा तेही लिहा.