सुपरमॅनचा चष्मा

प्रश्न : माझा ऑटिस्टिक मुलगा ‘मी सुपरमॅन आहे’ म्हणतो. ऑटिझम ही सुपरपॉवर आहे, असं त्याला सांगू का?

उत्तर : नका सांगू. मी स्वतः ऑटिस्टिक आहे. काहीतरी अचाट करून दाखवायचं ओझं फार जड होतं. त्यापेक्षा त्याला कोणता प्रसंग आवडतो ते विचारा. २०१३च्या ‘मॅन ऑफ स्टील’ सिनेमात छोट्या क्लार्कला, म्हणजे लहानपणीच्या सुपरमॅनला, वर्गात सगळे आवाज एकदम ऐकू येतात आणि तो पळत जाऊन स्वतःला कोंडून घेतो. दाराबाहेरून आई म्हणते, फक्त माझ्या आवाजाकडे लक्ष दे. ट्यूबलाइटची गुणगुण माझ्या डोक्यात अशीच घुसते. आणि आपण सुपरमॅन आहोत हे कळू नये म्हणून मोठेपणी क्लार्क घालतो तो चष्मा! माझंही तसंच : दिवसभर चारचौघांसारखं दिसायचं, घरी आलं की पार गळून जायचं. मुलगा शाळेतून आल्यावर लगेच प्रश्न विचारू नका. दिवे मंद ठेवा.