चार हजार वर्षांपूर्वी पावसाने पाठ फिरवली तेव्हा

प्रश्न : पाऊसमान असं अचानक पालटणं पूर्वी कधी झालं होतं का? तेव्हाच्या लोकांनी काय केलं? आम्ही आता सगळं रान बाजरीखाली आणावं का?

उत्तर : झालं होतं. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी पाऊस घटला, तो पुढे पिढ्यान्‌पिढ्या कमीच राहिला. याचा पुरावा मेघालयातल्या मावम्लुह गुहेत सापडतो. छतातून ठिबकणाऱ्या पाण्याने तिथे चुन्याचे खांब थराथराने वाढले आहेत. त्या थरांतला ऑक्सिजन तपासला की कोणत्या काळात पाऊस कमी होता ते कळतं.

सीरियातलं तेल लैलान हे शहर त्याच सुमारास ओस पडलं. भोवतालची गहू-बार्ली निव्वळ पावसावरची होती. दोष एकट्या पावसाचा की राज्यकारभाराचाही, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

हडप्पा काळातल्या शेतकऱ्यांची गोष्ट मला जास्त शिकण्यासारखी वाटते. हरयाणात राखीगढीजवळ मसूदपूरच्या उत्खननात जळके दाणे मिळाले: रब्बीचे गहू आणि बार्ली, खरिपाची बारीक भरडधान्यं, भात, मूग, उडीद, कुळीथ. महत्त्वाचं म्हणजे ही मिश्र पिकं पाऊस हटण्याच्या आधीपासूनची आहेत. दुष्काळ आल्यावर धावपळ करून कुणी नवं पीक शिकायला गेलं नाही. बियाणं घरात होतं, पेरायची सवय हाताला होती. कच्छमधल्या खिरसराला तर गहू-बार्ली मागे पडून भरडधान्यं पुढे आली. मोठी शहरं इ.स.पू. १९०० च्या सुमारास विरळ झाली, पण लहान गावांतली शेती चालूच राहिली.

आता बाजरीचं. आपण जिला गावरान म्हणतो ती मूळची आफ्रिकेची. आपल्याकडे आली तीही साधारण याच काळाच्या आगेमागे. पीक चांगलं, काटक. पण सगळं रान बाजरीखाली म्हणजे पुन्हा सगळी भिस्त एकाच पिकावर. फुलोऱ्यात पाऊस लागून राहिला तर तिचेही दाणे भरत नाहीत. मुख्य पीक ठेवा, त्यात तुरीसारखं आंतरपीक घ्या आणि एका तुकड्यावर कमी दिवसांचं भरडधान्य दरवर्षी पेरा, पाऊस चांगला असला तरी. पेरत राहिलं तरच बियाणं हाताशी राहतं.

घरचं बियाणं असेल तर पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, गोणपाट सुकू देऊ नका. चार-पाच दिवसांनी मोजा. सत्तरच्या आत उगवले तर त्या प्रमाणात बियाणं वाढवा. निम्मेही उगवले नाहीत तर ते पेरू नका.