अकोल्यात एसी कमीत कमी लागेल असं घर बांधता येतं का?

तुम्ही विचारलंय की अकोल्यात ३० बाय ५० चा वेस्ट फेसिंग प्लॉट आहे, उन्हाळा दरवर्षी जास्तच तापतोय, तर एसी कमी लागेल असं घर बांधता येतं का आणि खर्च किती वाढेल. येतं, नक्की येतं. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, वीसेक वर्षं ह्याच भागात घरं बांधतोय, आणि स्वतःच्या घरात चुका करून बसलोय म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी एक चांगली गोष्ट. वेस्ट फेसिंग म्हणून तुम्ही नाराज दिसताय, पण उन्हाच्या हिशोबाने तुमचा प्लॉट चांगला आहे. पश्चिमेला फक्त ३० फूट बाजू आहे आणि ५० फुटाच्या लांब बाजू उत्तर-दक्षिणेला येतात. लोकांना वाटतं दक्षिण तापते, पण आपल्याकडे मेच्या चौथ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटाचा छज्जा असला तरी उन्हाळ्यात काम भागतं, आणि थंडीत सूर्य खाली कलतो तेव्हा तेच ऊन आत येतं जे आपल्याला हवंच असतं. पश्चिमेचं तसं नाही. चार-पाच वाजताचं ऊन आडवं येतं, छज्जा कितीही लांब काढा ते खालून आत घुसतंच.

माझं घर २०११ चं. वास्तूप्रमाणे मास्टर बेडरूम नैऋत्येला, आईबाबांची इच्छा होती, आणि एलेव्हेशन, म्हणजे समोरचा दर्शनी भाग, चांगलं दिसावं म्हणून मीच पश्चिमेला सहा फुटाची काचेची स्लायडिंग खिडकी दिली. पहिल्याच मे महिन्यात रात्री अकरा वाजता बाबांच्या पलंगामागच्या भिंतीला हात लावला तर पोळ्या झाल्यावर अर्ध्या तासाने तवा लागतो तशी ती लागत होती, बाहेर वारा सुटलेला आणि खोली मात्र तापलेलीच. बाबा त्यानंतर दर उन्हाळ्यात हॉलमध्ये गादी टाकून झोपायचे. मला त्याचं फार वाईट वाटायचं, कारण खोली त्यांच्यासाठीच बांधली होती.

म्हणून तुम्हाला सांगतो, पश्चिमेला जिना, टॉयलेट, स्टोअर, पोर्च असं काहीतरी घ्या जिथे कोणी झोपत नाही. ते ऊन अंगावर घेतात आणि आतली खोली वाचते. घरातल्यांना बेडरूम नैऋत्येलाच हवी असेल तर त्यावरून भांडू नका, फक्त पश्चिमेच्या भिंतीला मोठी खिडकी देऊ नका, कपाटं त्या भिंतीला लावा आणि ती एक भिंत पोकळ करून घ्या. रॅट ट्रॅप बाँड म्हणून वीटकामाची पद्धत आहे, वीट आडवी न ठेवता बाजूवर उभी लावतात, भिंत नऊ इंचीच राहते पण मध्ये तीन इंचाची पोकळी सुटते. केरळात आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी अशी कितीतरी बांधकामं केली. विटा साधारण पाव हिस्सा कमी लागतात आणि ऊन आत यायला वेळ लागतो. अडचण एकच, मिस्त्रीला हे काम माहीत नसतं, पहिले दोन दिवस शेजारी उभं राहून करून घ्यावं लागतं. ते जमत नसेल तर एएसी ब्लॉक घ्या, म्हणजे आत हवेचे बारीक बुडबुडे असलेले सिमेंटचे ठोकळे, हलके असतात आणि लाल विटेपेक्षा उष्णता बरीच कमी आत सोडतात, फक्त कॉलमच्या जोडाला जाळी मारूनच प्लास्टर करा नाहीतर चिरा पडतात. राखेच्या विटा मजबूत असतात, पण उष्णता अडवायला लाल विटेपेक्षा काही वेगळ्या नाहीत, तो गैरसमज नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, छत. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर, म्हणजे सगळ्यात जास्त मार स्लॅबला. पाच इंचाचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपासून खाली सोडतो, म्हणून दुपारी दोनपेक्षा रात्री नऊला वरच्या मजल्यावर जास्त तगमग होते, आणि पंखा लावला की छताजवळची तीच गरम हवा अंगावर येते. केंद्राच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने २०१८ ला घरांसाठी इको निवास संहिता आणली. त्यात छतातून उष्णता किती आत येते ते मोजायचं जे माप आहे, यू व्हॅल्यू, त्याची मर्यादा १.२ ठेवलीय. उघड्या स्लॅबची ३ च्या वर जाते. दोन इंची एक्सपीएस बोर्ड, म्हणजे उष्णता अडवणारा कडक फोम, वरून टाकला तर ती ०.५ च्या आसपास येते. ही संहिता आली तेव्हा ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटसाठी होती, तुमचा १४० च्या आत, म्हणजे तुम्हाला कोणी सक्ती करणार नाही आणि ठेकेदार स्वतःहून सांगणारही नाही. तुम्हीच मागून घ्या. आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर बोर्ड, त्यावर जाळी टाकून कोबा आणि वर पांढरा चायना मोझॅक. खालून पीओपीचं सिलिंग करून हे काम होत नाही, स्लॅब तापायचा तो तापतोच.

बजेट अगदीच ताणलेलं असेल तर निदान दर मार्चमध्ये गच्चीवर बाइंडर, म्हणजे चुना धरून ठेवणारं मिश्रण, घातलेला चुना मारा. पावसात धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो, पण फरक पायाला कळतो. मी आमच्या अर्ध्या गच्चीला आधी मारून बघितला, दुपारी तीनला पांढऱ्या भागावर अनवाणी उभं राहता येत होतं, दुसऱ्या अर्ध्यावर चार पावलं टाकवत नव्हती. बोर्ड नंतर टाकला, पश्चिमेची खिडकी काढून वर छोटी दिली, बाहेर कडुनिंब लावला. बाबा आता त्यांच्या खोलीत झोपतात.

आजोबांचं घर धाब्याचं होतं, दोन फूट मातीच्या भिंती. आजी सकाळी नऊच्या आत सगळी दारं-खिडक्या लावून घ्यायची आणि दिवस बुडाल्यावर उघडायची. ते आजही करायचं, घर कितीही चांगलं बांधलं तरी मेमध्ये दुपारी खिडक्या उघड्या ठेवल्या तर उपयोग नाही. पण त्या धाब्यावर दर पावसाळ्याआधी माती टाकावी लागायची, आता ते करायला माणूस मिळत नाही, म्हणून मी मातीचं घर बांधा असं कोणाला सांगत नाही.

एसी अजिबात नको असंही म्हणत नाही. जूनपर्यंत हवा कोरडी असते तोवर कूलरने भागतं, एसीच्या कितीतरी कमी विजेत. पुढे दमट झालं की कूलर चिकचिक करतो, तेव्हा एका खोलीत एसी चालवा, २४ ते २६ वर, एक डिग्री वर ठेवली की साधारण ६ टक्के वीज वाचते. ही वीज येते कुठून ते आपल्याला लांब जाऊन बघायला नको, पारसचं औष्णिक केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे. आपण घर गार करायला कोळसा जाळायचा आणि त्याने पुढचा उन्हाळा आणखी तापवायचा, हे मला मनापासून खटकतं. देशाने नेट झिरोसाठी, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा शोषला जाईल अशा स्थितीसाठी, २०७० साल धरलंय, तुमचं घर तोपर्यंत उभं असेल. सोलरसाठी पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० सबसिडी आहे, पॅनलची सावली स्लॅबला मिळते ती वेगळी, पण आधी घर गार करा आणि मग सोलर किती लागेल ते ठरवा.

खर्चाचं म्हणाल तर खोल्यांची अदलाबदल आणि लहान खिडक्या फुकट आहेत. पोकळ भिंतीत विटा वाचतात. खरा वाढीव खर्च छताच्या बोर्डाचा, तेवढ्यासाठी समोरची काच आणि भिंतीवरचं शोभेचं क्लॅडिंग कापा. प्लॅन मंजुरीला द्यायचा असेल तर त्याआधी एकदा दुपारी चार वाजता प्लॉटवर जाऊन उभे राहा, ऊन कुठून येतं आणि शेजारच्या घराची सावली कुठवर पडते ते बघा, आणि आर्किटेक्टला तिथेच बोलवा.